कृतीच्या पानावर ‘काय बिघडतं’ हेही छापा

प्रति,
पहिली ते चौथीच्या विज्ञान कृतिपुस्तिका लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या समित्यांना

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या विज्ञान-कृतींची बहुतेक पानं एकाच साच्यातली असतात. वर ‘साहित्य’, मधे ‘कृती’, खाली चौकटीत ‘निष्कर्ष’. साहित्यात ‘थोडं पाणी’, ‘चिमूटभर सोडा’ आणि ‘एक बल्ब’ लिहिलेलं असतं. बल्ब किती व्होल्टचा, हे कुठेच नसतं. कृतीत ‘निरीक्षण करा’ असं सांगितलेलं असतं, पण नेमकं कुठे बघायचं आणि किती वेळ, ते नसतं. निष्कर्ष मात्र ठाम असतो आणि मुलाने कशालाही हात लावण्याआधीच त्याला तो वाचता येतो. भरलेल्या वर्गासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला पुस्तिकेची खरी गरज कृती फसते तेव्हा लागते, आणि नेमकं त्याच वेळी पान गप्प असतं.

आमची मागणी अशी आहे. प्रत्येक कृतीला नेमकी मापं द्या. ती कुठे आणि का बिघडते ते त्याच पानावर लिहा. आणि मुलाला स्वतः बदलून बघता येईल अशी एक तरी गोष्ट तिच्यात ठेवा. ज्या कृतीबद्दल हे तिन्ही लिहिता येत नाही, ती या वयाच्या पुस्तिकेतून काढलेली बरी.

आधी मेणबत्तीबद्दल लिहितो, कारण तिथे चूक थेट निष्कर्षातच आहे. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून पालथा ग्लास. मेणबत्ती विझते आणि ग्लासात पाणी चढतं. खाली छापलेलं असतं: ‘ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत एक-पंचमांश ऑक्सिजन असतो हे सिद्ध होतं.’ हा प्रयोग फार जुना आहे. सुमारे २२०० वर्षांपूर्वी बायझँटियमच्या फिलोनेही त्याचं वर्णन केलं होतं. पण त्याखालचं हे स्पष्टीकरण खुद्द प्रयोगच खोडून काढतो. ज्योत जळत असताना पाणी जेमतेम हलतं आणि ज्योत विझल्यावर भराभर चढतं. ऑक्सिजन जळण्यामुळे पाणी चढत असतं, तर ज्योत जळत असतानाच ते सावकाश चढत गेलं असतं. शिवाय एका मेणबत्तीऐवजी तीन लावल्या की त्याच ग्लासात पाणी जास्त वर जातं. ग्लासातली हवा तर तेवढीच आहे, मग तिच्यातला ऑक्सिजन जास्त कसा होईल?

मुख्य कारण उष्णतेचं आहे. ज्योतीभोवतीची हवा तापून फुगते. ग्लास खाली येत असताना तिच्यातली काही आधीच निसटलेली असते, काही कडेखालून बुडबुड्यांनी बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतलं पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन काही प्रमाणात खर्च होतो, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होत असतो, आणि मेणबत्ती विझते तेव्हाही आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. आता चौथीतल्या मुलाला हे सगळं समजावणं शक्य नाही, हे मान्य. पण म्हणून त्याला सोपं खोटं कारण द्यायचं का? मोठ्या वर्गात गेल्यावर ते पुसायला दुप्पट वेळ लागतो. ही कृती वरच्या वर्गांसाठी ठेवा, आणि ठेवाल तिथे ‘पाणी कधी चढलं, ज्योत विझण्याआधी की नंतर?’ हा प्रश्न आधी छापा.

हवा तापली की फुगते, एवढंच दाखवायचं असेल तर ज्योतीची गरज नाही. पाव लिटरची प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या. तिचं तोंड साबणाच्या पाण्यात बुडवून बाहेर काढा, म्हणजे तोंडावर साबणाचा पातळ पडदा बसेल. मग बाटलीचा तळ कोमट पाण्यात धरा. पाणी साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस हवं, म्हणजे हाताला गरम लागेल पण भाजणार नाही. पडदा फुगून वर येतो. तीच बाटली गार पाण्यात नेली की पडदा खाली बसतो, कधी बाटलीच्या आतही उतरतो. पाव लिटर हवा वीस अंशांनी तापली तर तिला सुमारे १७ मिलिलिटर जास्त जागा लागते, म्हणून फुगवटा मागच्या बाकावरूनही दिसतो. लिटरची बाटली घेतली तर फुगवटा इतका मोठा होतो की पडदा बहुधा फुटतो. आणखी एक गोष्ट पानावर असायलाच हवी: बाटली पोटाला धरली तर ती दाबली जाते आणि पडदा दाबामुळे वर येतो. मुलाला वाटतं उष्णतेने आला. बाटली गळ्याजवळ, झाकणाच्या आट्यांखाली धरायची. कारण बदललं तरी परिणाम तसाच दिसू शकतो, हे शिक्षकाला आधी माहीत असेल तर तो हाच घोळ मुद्दाम वर्गासमोर ठेवू शकतो.

तरंगणं-बुडणं पहिलीपासून असतं आणि तिथेही निष्कर्ष घाईचा असतो: जड वस्तू बुडतात, हलक्या तरंगतात. लाकडाचा मोठा ओंडका तरंगतो आणि बारीक खिळा बुडतो, हे मुलाने पाहिलेलं असतं. तरी पुस्तकात छापलंय म्हणून ते वाक्य पाठ करतं. त्यापेक्षा एकच पदार्थ घ्या आणि त्याचा आकार बदला. तेलकट क्लेचा पन्नास ग्रॅमचा गोळा बुडतो. त्याचीच वाटी केली की तरंगते. मातीची क्ले इथे चालत नाही, ती दोन मिनिटांत विरघळून पाणी गढूळ करते. वाटीच्या भिंतीला एक जरी चीर राहिली तरी पाणी शिरतं, म्हणून भिंत पेन्सिलीच्या निम्म्या जाडीएवढी ठेवून कडा बोटाने दाबून घ्यायला सांगा.

तिसरी-चौथीसाठी ॲल्युमिनियमच्या फॉइलची नाव फारच चांगली. इतक्या कमी साहित्यात इतकी खोल कृती दुसरी सापडणं कठीण, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रत्येक गटाला १५ बाय १५ सेंटिमीटरचा एकेक चौकोन द्या, सगळ्यांना त्याच रोलमधला. चारही कडा दुमडून भिंती उभ्या करायच्या. कोपरे कापायचे नाहीत, घडी घालून भिंतीला चिकटवायचे. कापलेल्या कोपऱ्यातून पाणी येतं. भार म्हणून एकसारखे वॉशर किंवा एकसारखी नाणी. गोट्या नकोत. त्या घरंगळून एका बाजूला जमतात आणि नाव कलंडते. मग ती भाराने बुडाली की तिरकी झाल्यामुळे, ते कळत नाही.

बदलायची गोष्ट म्हणजे भिंतीची उंची. एक सेंटिमीटरच्या भिंती केल्या तर तळ १३ बाय १३ चा उरतो आणि नावेत १६९ घन सेंटिमीटर जागा होते. अडीच सेंटिमीटरच्या भिंती केल्या तर तळ १० बाय १० आणि जागा २५० घन सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर उंच केल्या तर तळ फक्त ५ बाय ५ चा आणि जागा १२५. म्हणजे उंची वाढवत गेलं की नाव आधी जास्त भार पेलते, नंतर कमी. हा हिशेब मुलांना सांगू नका. त्यांना वॉशर मोजू द्या आणि आकडे फळ्यावर लिहा. हिशेबाप्रमाणे अडीच सेंटिमीटरची नाव जवळजवळ पाव किलो भार पेलायला हवी, पण कागदासारख्या पातळ भिंती वाकतात आणि भार मधोमध राहत नाही, म्हणून ती त्याच्या बरीच आधी बुडते. दोन गटांनी एकाच उंचीची नाव केली तरी आकडे वेगळे येतील. तो फरक लपवण्याचं कारण नाही. प्रत्येक उंचीला तीन-तीन वेळा करून मधला आकडा घ्या, असं पानावर लिहा. मोजमाप एकदाच करून थांबायचं नसतं, हे मुलांना इथेच पहिल्यांदा कळतं.

याच फॉइलचा गोळा करून ‘आता बुडेल’ असं सांगणारी पानंही आहेत. तो बुडतोच असं नाही. हाताने चुरगाळलेल्या गोळ्यात हवा अडकलेली असते. घडीवर घडी घालून, प्रत्येक घडी चमच्याच्या पाठीने घट्ट दाबून चपटा तुकडा केला तर बुडतो, तोही पाण्याखाली नेऊन सोडला तरच. पृष्ठभागावर अलगद ठेवला तर पाण्याच्या पृष्ठताणावर तो तसाच राहू शकतो. वर्गात निम्मे गोळे बुडतात, निम्मे तरंगतात आणि शिक्षक गोंधळतो. दोन ओळी छापल्या असत्या तर त्याच गोंधळातून चांगला प्रश्न तयार झाला असता: बुडलेल्या आणि तरंगलेल्या गोळ्यांत फरक काय?

विजेच्या कृतीत सर्वाधिक अपयश येतं आणि ते बहुतेक वेळा यादीतच लिहिलेलं असतं. ‘एक सेल, एक बल्ब, वायर.’ सेल दीड व्होल्टचा आणि बल्ब सहा व्होल्टचा असेल तर सगळं बरोबर जोडूनही उजेड दिसत नाही. टॉर्चच्या लहान बल्बवर १.५ किंवा २.५ व्होल्ट असं कोरलेलं असतं, तोच मागवा. अडीच व्होल्टचा बल्ब एका सेलवर मंद लागतो, म्हणून खिडकीच्या उजेडात तो पेटलाय हे कळत नाही; हाताचा आडोसा करून बघायला सांगा. बल्बच्या जागी एलईडी देण्याची पद्धत वाढली आहे. एलईडी दीड व्होल्टवर लागत नाही. लाल एलईडीला साधारण दोन, पांढऱ्या-निळ्याला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, आणि तो एकाच दिशेने जोडला तर लागतो: लांब पाय सेलच्या धन टोकाकडे. एलईडी द्यायचाच असेल तर लाल द्या, दोन सेल द्या, सोबत शंभर ओहमचा रोधक जोडून द्या, आणि ‘लागला नाही तर पाय उलटे करून बघा’ ही ओळ द्या. पण पहिल्यांदा वीज शिकणाऱ्या मुलासाठी तारेचा बल्बच बरा. आतली बारीक तार दिसते, तिची दोन टोकं कुठे जातात ते बोट ठेवून दाखवता येतं.

वायरचे तुकडे वीस सेंटिमीटरचे असावेत, दोन्ही टोकांवरचं प्लॅस्टिक दोन-दोन सेंटिमीटर सोललेलं. मोटार गुंडाळायची चकचकीत तांब्याची तार स्वस्त म्हणून दिली जाते. तिच्यावर वार्निशचा थर असतो आणि तो पॉलिश पेपरने घासून काढल्याशिवाय जोडणी होत नाही. मुलांना ती उघडी तार वाटते, शिक्षकांनाही वाटते.

कृती अशी द्या: एक सेल, एक बल्ब, वायरचा एकच तुकडा, होल्डर नाही. बल्ब लावून दाखवा. बहुतेक मुलं आधी वायरचं एक टोक सेलला आणि दुसरं बल्बच्या तळाच्या टिंबाला लावतात आणि वाट बघतात. बल्बला दोन जागी जोडावं लागतं, तळाचं टिंब आणि बाजूचं आट्यांचं धातूचं कवच, हे त्यांना अजून माहीत नसतं. होल्डर दिला की ते कायमचं झाकलं जातं. टिंब सेलच्या एका टोकावर टेकवायचं आणि कवचापासून वायर दुसऱ्या टोकाला न्यायची. सेल आणि बल्ब उलटसुलट करून हे चार प्रकारे जमतं. लागलेल्या आणि न लागलेल्या अशा सगळ्या जोडण्यांची चित्रं काढायला सांगा. न लागलेल्या जोडण्यांची चित्रंच जास्त शिकवतात. तेव्हा पानावर त्यांच्यासाठीही रिकाम्या चौकटी सोडा.

याच कृतीत मुलं वायर थेट सेलच्या दोन टोकांना लावणार, हे गृहीत धरा. काही क्षणांत वायर आणि सेल तापतात. ‘गरम लागलं की लगेच सोडा आणि सांगा’ हे सुरुवातीलाच ठळक अक्षरात हवं. मोबाइलमधून काढलेल्या किंवा चार्ज करायच्या लिथियम बॅटऱ्या या कृतीत कधीच वापरू नयेत, त्यांच्यातून फार मोठा प्रवाह वाहतो. बटणसेलही नकोत, लहान मूल ते गिळू शकतं आणि अन्ननलिकेत अडकलेला बटणसेल दोन तासांतही गंभीर जखम करतो. भिंतीतल्या बोर्डाला हात लावायचा नाही, हे दरवेळी सांगायचं, मागच्या वेळी सांगितलं असलं तरी.

पुढची पायरी म्हणून ‘वाहक-अवाहक ओळखा’ येतं. इथे दोन सापळे आहेत. रंग दिलेला खिळा किंवा प्लॅस्टिकचा थर असलेली पेपरक्लिप लावली तर बल्ब लागत नाही आणि मूल लिहितं, लोखंडातून वीज जात नाही. शिशाच्या पेन्सिलीची लांब कांडी लावली तरी बल्ब लागत नाही, खरं तर त्या ग्राफाइटमधून वीज जाते, पण बल्ब पेटण्याइतकी जात नाही. म्हणून पान ‘वीज गेली का’ असं न विचारता ‘बल्ब लागला का’ असं विचारू दे. आणि दोन्ही प्रकारचे खिळे द्या, रंगवलेला आणि खरवडलेला.

बी रुजवण्याच्या कृतीत घाई नडते. घेवड्यासारखं मोठं बी घ्या. शेतीसाठी विकलं जाणारं, औषध लावलेलं रंगीत बी वर्गात आणू नका. रात्रभर, म्हणजे आठ ते बारा तास, भिजवा. चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवलेलं बी श्वास न मिळून सडतं. काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासात टिपकागदाची गुंडाळी भिंतीला लागून उभी करा, बी कागद आणि भिंत यांच्या मधे अर्ध्या उंचीवर खोचा, तळाशी एक सेंटिमीटर पाणी. कागद ते वर ओढून घेतो. बी पाण्यात बुडता कामा नये. सोमवारी भिजवलं तर मंगळवारी ग्लासात जातं आणि आठवडा संपेपर्यंत मूळ दिसायला हवं. शुक्रवारी सुरू केलं तर सगळ्यात महत्त्वाचे दिवस सुट्टीत जातात आणि कागद वाळतो. शिक्षकाला वारही सांगा.

‘बी रुजायला काय लागतं’ याचं उत्तर ‘पाणी, हवा, सूर्यप्रकाश’ असं छापलं जातं. घेवडा, वाटाणा यांसारखं बी अंधारातही रुजतं. प्रकाश लागतो तो नंतर, पानं आल्यावर. पेटीत झाकून ठेवलेलं रोप तर उजेडातल्यापेक्षा उंच होतं, पिवळट आणि लुळं. मुलं पट्टी लावून मोजतात आणि लिहितात: अंधारात झाड जास्त चांगलं वाढतं. मोजमाप बरोबर आहे, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे. पानावर उंचीसोबत रंग, खोडाची जाडी आणि पानांचा आकार यांचेही रकाने हवेत, आणि निरीक्षण निदान पंधरा दिवस चालायला हवं. बियाण्यातला साठा संपल्यावर अंधारातलं रोप कोलमडतं, ते मुलांना दिसू दे. प्रत्येक परिस्थितीत एकच बी ठेवू नका, किमान पाच, जमलं तर दहा. एखादं बी मुळातच रुजणारं नसतं, आणि ते एकटंच असलं तर सगळा निष्कर्ष त्याच्यावर उभा राहतो. मूळ दोन-तीन सेंटिमीटर झालं की ग्लास आडवा करून ठेवा, आडवा करण्याआधी तळाचं पाणी ओतून टाका आणि कागद ओला ठेवा. एक-दोन दिवसांत मूळ पुन्हा खाली वळलेलं दिसतं. त्याला खाली कुठे आहे हे कसं कळलं, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ‘ज्वालामुखी’ पुस्तिकांमधून काढावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. फेस येतो, टाळ्या पडतात, आणि खरा ज्वालामुखी अशाच कुठल्यातरी मिश्रणाने पेटतो असं मुलांच्या डोक्यात बसतं. खऱ्या ज्वालामुखीत वितळलेला खडक आणि त्यात विरघळलेले वायू असतात. सोड्याशी त्याचा संबंध नाही. तेच दोन पदार्थ वापरून मोजता येईल असं काहीतरी करा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ६० मिलिलिटर व्हिनेगर. फुग्यात नरसाळ्याने सोडा. फुगा बाटलीच्या तोंडावर चढवून मग उभा करायचा. एका गटाला पाव चमचा सोडा, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला एक, चौथ्याला दोन. चमचा पाच मिलिलिटरच्या मापाचा आणि सपाट, शीग पट्टीने कापलेला. शिगेच्या चमच्यात सोडा दीड-दोन पट बसतो आणि सगळे आकडे वाया जातात. फुगा आधी मोठा-मोठा होत जातो, पण एक आणि दोन चमच्यांत फारसा फरक राहत नाही. पाच टक्क्यांच्या ६० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये साधारण तीन ग्रॅम आम्ल असतं आणि ते चार-सव्वाचार ग्रॅम सोड्यालाच पुरतं. एका सपाट चमच्यात तेवढा किंवा जरा जास्तच सोडा असतो. पुढचा सोडा तळाशी पडून राहतो. ‘जास्त घातलं तर जास्त होईल’ हा मुलांचा पक्का अंदाज इथे मोडतो, म्हणून ही कृती मोलाची आहे.

फुगा आधी दोन-तीनदा फुगवून सैल करावा, नाहीतर घट्ट रबर कमी वायूला दाद देत नाही. सोडा फुग्याच्या मानेत अडकतो, टिचक्या मारून पाडावा. बेकिंग पावडर चालणार नाही, तिच्यात पिठूळ पदार्थ आणि आम्ल आधीच मिसळलेलं असतं. धुण्याचा सोडा तर मुळीच नाही, तो त्वचेला आणि डोळ्यांना घातक आहे. नावं सारखी असल्यामुळे ही गफलत होते, तेव्हा यादीत नाव पूर्ण लिहा. झाकण लावलेल्या बाटलीत हे मिश्रण कधीही करू नये, बाटली फुटते. काही मुलांना रबराच्या फुग्याची ॲलर्जी असते, हे वर्ग सुरू होण्याआधी विचारून घ्यावं. आणि तुटलेल्या फुग्याचे तुकडे मोजून उचलावेत, लहान मुलांच्या घशात ते अडकतात.

अंदाजाबद्दल थोडं. कृती करण्याआधी मुलाने आपला अंदाज नोंदवायचा, आणि नंतर तो खोडायचा नाही, असा नियम प्रत्येक पानावर असावा. पहिली-दुसरीच्या मुलांना लिहिता येत नसेल तर चित्राखाली खूण करू दे. याचं महत्त्व बर्फाच्या कृतीत सर्वात स्पष्ट दिसतं. एकाच साच्यातले बर्फाचे तीन खडे, प्रत्येक वेगळ्या लहान प्लॅस्टिक पिशवीत, पिशवीचं तोंड बंद. एक उघड्यावर, एक फॉइलमध्ये, एक लोकरीच्या कोरड्या कापडाच्या तीन-चार घड्यांमध्ये. आधी विचारा: कुठला सगळ्यात आधी वितळेल? लोकर उबदार असते म्हणून लोकरीतला, असं बहुतेक मुलं सांगतात. वीस मिनिटांनी पिशवीतलं पाणी सुईशिवायच्या सिरिंजने मोजलं की लोकरीतल्या पिशवीत सगळ्यात कमी पाणी निघतं. लोकर स्वतः ऊब देत नाही, ती उष्णतेची ये-जा मंदावते. शरीराची बाहेर जाऊ देत नाही, तशीच खोलीची आतही येऊ देत नाही. अंदाज आधी नोंदवलेला नसेल तर ‘मला माहीतच होतं’ असं म्हणत मूल पुढे जातं आणि काहीच बदलत नाही. ही कृती फसते ती तीन कारणांनी: खडे लहान-मोठे असणं, कापड ओलं होणं, आणि ‘बघू किती झालं’ म्हणून दर दोन मिनिटांनी घड्या उघडणं. पिशवी असल्याने दुसरं टळतं. तिसऱ्यासाठी घड्याळ लावा.

चौथीसाठी लंबक ठेवायला हरकत नाही, कारण त्याचे आकडे सुंदर येतात. एक मीटर दोरीला तीस सेकंदांत पंधरा झोके (जाऊन परत येणं म्हणजे एक झोका), पंचवीस सेंटिमीटर दोरीला तीस. लांबी चौथाई, झोके दुप्पट. लांबी टांगल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची, गाठीपर्यंत नाही. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ म्हटलं की सगळे आकडे एकाने चुकतात. वजन बदलून बघताना वॉशर एकाखाली एक लटकवले तर लांबीही वाढते आणि ‘जड लंबक हळू हलतो’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सगळे वॉशर एकाच हुकात शेजारी-शेजारी अडकवा. झोका लहान ठेवा, हातभर ओढून सोडू नका.

चुंबकाबद्दल एवढंच: साहित्यात लोखंडाशिवाय तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियमही हवं, नाहीतर ‘चुंबक धातू ओढतो’ हेच मुलांच्या मनात पक्कं होतं. स्टीलचे चमचे दोन प्रकारचे असतात, काही चिकटतात, काही नाही, दोन्ही ठेवा. चुंबक काळे, मोठे, फेराइटचे द्या. खड्याएवढे शक्तिशाली चुंबक लहान वर्गात आणूच नका. दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढून जीवघेणी इजा करतात.

पुस्तिकेतल्या कृतींची संख्या कमी करावी, हेही सांगायला हवं. वर्षाला चाळीस कृती छापल्या की प्रत्येक एकदाच, घाईत, शिक्षकाच्या टेबलावर होते आणि मुलं लांबून बघतात. आठ-दहा निवडा. प्रत्येकीला तीन तास द्या: पहिल्या तासात अंदाज आणि पहिला प्रयत्न, दुसऱ्यात एक गोष्ट बदलून पुन्हा, तिसऱ्यात आकडे फळ्यावर मांडून चर्चा. गट चौघांचा असावा. सहाचा झाला की दोघं नुसते बघे होतात. चौघांत एक करणारा, एक मोजणारा, एक लिहिणारा, एक साहित्य आणणारा-आवरणारा, आणि दर तासाला कामं बदलायची. साहित्य वाटायला दहा मिनिटं आणि आवरायला दहा मिनिटं जातात, हे वेळेच्या रकान्यात धरा.

निष्कर्षाची चौकट मुलांच्या पानावरून काढून शिक्षकांच्या भागात न्या. तिथे तीन गोष्टी लिहा: बहुतेक वेळा काय दिसतं, कधीकधी वेगळं का दिसतं, आणि मुलं त्यावरून कोणता चुकीचा अर्थ काढतात.

शेवटी, छपाईला देण्याआधी प्रत्येक पान एकदा असं तपासून घ्या. ते लिहिण्यात भाग न घेतलेल्या एका शिक्षकाला पान द्या आणि यादीत आहे तेवढंच साहित्य द्या, एकही वस्तू जास्त नाही. चार मुलांचा गट बसवा. लेखकाने बाजूला बसून फक्त लिहायचं: शिक्षकाने कुठे वर बघितलं, कोणती वस्तू मागितली, मुलांनी सूचनेचा कोणता वेगळा अर्थ घेतला, किती वेळ लागला. मदत करायची नाही. जिथे शिक्षक अडला तिथे माप किंवा सूचना घाला. जिथे कृती फसली तिथे फसण्याचं कारण छापा. मग तेच सुधारलेलं पान दुसऱ्या शिक्षकाकडे द्या. या तपासणीसाठी आमच्यापैकी कोणालाही बोलावलंत तर आम्ही साहित्यासह येऊ.

आपले,
प्राथमिक वर्गांना कृतीतून विज्ञान शिकवणारे काही शिक्षक